खाज थांबली म्हणजे नायटा गेला असे नाही

त्वचेच्या तक्रारींविषयी वाचकांकडून येणाऱ्या प्रश्नांत एक प्रश्न दर पावसाळ्यात हमखास असतो. "मेडिकलमधून ट्यूब आणली, चार दिवसांत खाज गेली. लावायची थांबवली तर आठवड्यात परत आली, आणि आता चट्टा आधीपेक्षा मोठा आहे. ट्यूब बदलून बघू का?" सरळ उत्तर असे आहे की ट्यूब बदलू नका, थांबा. तुम्हाला बहुधा नायटा झाला आहे, त्यालाच कोणी गजकर्ण म्हणते, कोणी दाद. तुम्ही लावत असलेल्या ट्यूबमध्ये बहुधा स्टेरॉइड आहे. खाज त्यानेच थांबवली, आणि चट्टाही बहुतेक त्यानेच वाढवला. ही गोष्ट नीट समजली की पुढचे निर्णय बरेच सोपे होतात. म्हणून या लेखात इतर आजारांवर थोडे आणि या एका आजारावर जास्त लिहिले आहे.

आपल्या कळंबोलीत नायटा एवढा का दिसतो?

नायटा बुरशीमुळे होतो. ती कातडीच्या सर्वांत वरच्या, मृत थरातल्या केराटिन नावाच्या द्रव्यावर जगते. तिला ऊब, ओल आणि घर्षण मिळाले की पुरे. कोकणपट्टीची दमट हवा तर आहेच. शिवाय लोखंड-पोलाद बाजारात दिवसभर माल चढवणारे-उतरवणारे माथाडी, ट्रक टर्मिनलवर तासन्‌तास केबिनमध्ये बसणारे चालक आणि तळोजा एमआयडीसीत जाड गणवेशात पाळी करणारे कामगार यांच्या जांघेत, कमरेला, बगलेत घाम सुकतच नाही. सिडकोच्या छोट्या घरांत चार-पाच माणसे, एकच बाथरूम, दोरीवर एकावर एक वाळत घातलेले कपडे. त्यात पावसाळ्यात वसाहतीत पाणी तुंबले की अर्धवट वाळलेली अंतर्वस्त्रे अंगावर चढतातच. एकाला झालेला नायटा महिनाभरात घरातल्या तिघांना होतो, त्यात नवल नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: "हे सगळे कंपन्यांच्या धुरामुळे आणि पाण्यामुळे होते." हा संशय हवेतून आलेला नाही. 2017 साली तळोज्यात निळ्या रंगाचे कुत्रे दिसले होते आणि कासाडी नदीचे प्रदूषण देशभर गाजले होते. रसायनांमुळे कातडीचे आजार होतात, हेही खरे. पण ते वेगळे दिसतात. रसायनाचा दाह जिथे रसायन लागते तिथे होतो, म्हणजे बोटांवर, मनगटांवर, चेहऱ्यावर. सुट्टीत तो कमी होतो आणि कामावर गेल्यावर पुन्हा उसळतो. जांघेतला किंवा कमरेच्या पट्ट्याखालचा गोल चट्टा, ज्याची कड लालसर, खवलेदार व उंच आणि मधला भाग त्यामानाने स्वच्छ, तो धुरामुळे होत नाही. दोष प्रदूषणाला देऊन मोकळे झाले की उपचार राहून जातो, एवढ्यासाठी हा फरक सांगितला.

एक गोष्ट मात्र खरोखर बदलली आहे. वीस वर्षांपूर्वी साध्या मलमाने दोन-तीन आठवड्यांत जाणारा नायटा आता तसा जात नाही. भारतात पसरलेल्या बुरशीच्या एका नव्या प्रकाराला 2020 मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव मिळाले. जपानमधल्या संशोधकांना तो नेपाळी व भारतीय रुग्णांच्या कातडीवर सापडला होता. या बुरशीच्या अनेक वाणांवर टर्बिनाफिन हे एरवीचे हुकमी औषध पुरेसे चालत नाही. 2023 मध्ये न्यूयॉर्कमध्ये अमेरिकेतले पहिले दोन रुग्ण नोंदले गेले. तेव्हा "आमच्या वडिलांचा तर लिंबू चोळून गेला होता" हे उदाहरण आजच्या चट्ट्याला लागू करू नका. अनेक त्वचारोगतज्ज्ञांच्या मते हा आजार इतका फोफावण्यामागे चिठ्ठीशिवाय विकल्या गेलेल्या मिश्र ट्यूबांचा मोठा हात आहे.

त्या ट्यूबमध्ये असते काय?

काउंटरवर मिळणाऱ्या मिश्र ट्यूबमध्ये साधारण तीन गोष्टी एकत्र असतात: बुरशीविरोधी औषध, जंतुविरोधी औषध आणि स्टेरॉइड. खाज आणि लाली या बुरशीला शरीराने दिलेल्या प्रतिकाराच्या खुणा असतात. स्टेरॉइड तो प्रतिकारच दाबते. घरात चोर शिरलेला असताना राखणदाराला झोपेची गोळी द्यावी, तसा हा प्रकार. दोन दिवसांत शांतता होते, तुम्ही समाधानाने ट्यूब कपाटात ठेवता आणि बुरशी निवांत पसरत राहते. ट्यूबमध्ये बुरशीविरोधी औषधही आहे ना, मग बिघडले कुठे, असे तुम्ही विचाराल. खाज थांबताच लावणे थांबते, म्हणून ते औषध पुरेसे दिवस मिळत नाही. आणि जितके दिवस लावले जाते, तितके दिवस शेजारचे स्टेरॉइड त्याच्या विरुद्ध काम करते. पुढे चट्ट्याचे रूपही बदलते. गोल कड पुसट होते, चट्ट्यात चट्टा उठतो, आणि सराईत डॉक्टरलाही पहिल्या नजरेत नायटा ओळखणे कठीण जाते.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. जांघ, बगल, मांडीची आतली बाजू इथली कातडी पातळ असते आणि ओलाव्यामुळे औषध तिथे जास्त शोषले जाते. क्लोबेटासॉल हे सर्वांत जहाल गटातले स्टेरॉइड आहे. वैद्यकीय देखरेखीतही ते सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त आणि आठवड्याला 50 ग्रॅमपेक्षा जास्त वापरू नये, असा दंडक आहे. तेच जांघेत महिनोन्‌महिने लावले तर बाळंतपणानंतर पोटावर दिसतात तसे रुंद, तांबूस ताण पडतात. रंग पुढे फिका होतो, पण ते वण जन्मभर राहतात. नायटा उशिरा का होईना बरा होतो. हे ताण कोणत्याही क्रीमने पूर्ण जात नाहीत.

ट्यूब विकत घेण्याआधी तिच्यावरची बारीक अक्षरे वाचा. ब्रँडच्या नावावरून काहीच कळत नाही, घटकांच्या नावांवरून कळते:

- शेवटी "कोनॅझोल" असेल (ल्युलिकोनॅझोल, किटोकोनॅझोल, मायकोनॅझोल) तर ते बुरशीविरोधी औषध. क्लोट्रिमॅझोल आणि टर्बिनाफिन हीही त्याच कामाची.
- शेवटी "सोन", "टासॉल" किंवा "लोन" असेल (बेटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल, हॅलोबेटासॉल, फ्लुओसिनोलोन) तर ते स्टेरॉइड.
- नायट्यासाठी घेतलेल्या ट्यूबवर दोन्ही गटांतली नावे दिसली, तर ती परत करा.

आधी रोगाचे नाव, मग औषध

खाजणारा प्रत्येक चट्टा नायटा नसतो. शेजाऱ्याला लागू पडलेली ट्यूब तुम्हाला लागू पडेल, हा हिशेब इथेच फसतो. नायट्याचे निदान मात्र स्वस्त आणि लगेच होणारे आहे. चट्ट्याच्या कडेवरचा कोंडा हलकेच खरवडून काचपट्टीवर घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू बघतात. सुई नाही, रक्त नाही, उत्तर बहुधा त्याच भेटीत मिळते. बुरशी वाढवून बघण्याची चाचणी वेगळी. तिला काही आठवडे लागतात आणि ती हट्टी रुग्णांसाठीच करतात. तपासणीला जाण्याआधी चट्ट्यावर काही लावू नका. औषधाच्या थराखाली बुरशी लपली तर चाचणी खोटीच "नाही" सांगते.

नायट्याशी ज्यांची गल्लत होते असे काही आजार पुढे दिले आहेत. ही यादी घरच्या घरी निदान करण्यासाठी नाही. डॉक्टरकडे कधी आणि कशासाठी जायचे, हे ठरवायला ती उपयोगी पडेल.

- खरूज: खाज रात्री वाढते. बोटांच्या बेचक्या, मनगट, कंबर, गुप्तांग यांवर बारीक पुरळ असतो आणि घरात आणखी कोणीतरी खाजवत असते. हा किडीचा आजार आहे. पर्मेथ्रिनचे मलम मानेपासून तळपायापर्यंत रात्रभर लावायचे, साधारण आठवड्याने पुन्हा लावायचे, आणि खाज नसली तरी घरातल्या सर्वांनी एकाच रात्री लावायचे. कीड मेल्यावरही दोन ते चार आठवडे खाज राहते. म्हणून घाबरून रोज मलम लावू नका.
- इसब: कातडी कोरडी, जाड, कधी ओली. चट्ट्याला नायट्यासारखी ठळक कड नसते. डिटर्जंट, सिमेंट, रबर, केसांचा कलप यांनीही होतो.
- शिबं: छाती, पाठ, खांद्यावर पांढुरके किंवा तपकिरी, भुरभुरीत ठिपके. खाज जवळजवळ नसते. उपचाराने बुरशी लवकर मरते, पण रंग सारखा व्हायला काही महिने लागतात. डाग दिसतो म्हणून औषध चालूच ठेवण्याची गरज नाही.
- सोरायसिस: कोपर, गुडघे, टाळूवर चंदेरी खवल्यांचे जाड चट्टे. संसर्गजन्य नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शन घेऊन अचानक बंद केले तर तो भडकू शकतो.
- कुष्ठरोग: फिका किंवा तांबूस डाग, खाज नाही, स्पर्श कमी कळतो किंवा कळतच नाही.

शेवटच्या आजाराबद्दल दोन वाक्ये अधिक. पनवेलजवळ नेरे येथे कुष्ठरुग्णांसाठी शांतिवन उभे राहिले, त्या काळात कुष्ठरुग्णाला घर सोडावे लागे. आज बहुविध औषधोपचार सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतो, आजाराच्या प्रकारानुसार सहा महिने ते वर्षभर चालतो, आणि औषध सुरू झाल्यावर रुग्णापासून संसर्गाचा धोका लवकरच संपतो. न खाजणारा, बधिर डाग "खाजत तर नाही" म्हणून सोडून देणे ही या यादीतली सर्वांत महाग पडणारी चूक आहे. त्यात नसा कायमच्या जातात.

नायट्याचा उपचार कसा चालतो

मात्रा मुद्दाम देत नाही, कारण ती वजन, इतर आजार आणि चालू गोळ्या पाहून ठरते. रीत मात्र तुम्हाला ठाऊक हवी, म्हणजे अर्धवट सोडणे टळेल. एक-दोन लहान चट्टे असतील तर फक्त मलम पुरू शकते. ते चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावायचे, कारण बुरशी दिसते त्यापुढे गेलेली असते. चट्टा नाहीसा झाल्यावरही निदान दोन आठवडे लावत राहायचे. चट्टे अनेक असतील, पूर्वी स्टेरॉइड लावले असेल किंवा आजार पुन्हा उलटला असेल तर टर्बिनाफिन किंवा इट्राकोनॅझोलसारखी गोळी लागते. ती हल्ली चार ते सहा आठवडे किंवा त्याहून जास्त चालते. इतके दिवस का? वरचा थर झडून नवी कातडी यायलाच सुमारे महिना लागतो आणि बुरशी त्याच थरात असते. पंधरवड्यात साफ झाल्याचे डोळ्यांना दिसते, ते अर्धेच खरे असते.

"गोळ्यांनी लिव्हर जाते" ही भीती अगदीच निराधार नाही, पण ती चुकीच्या ठिकाणी वापरली जाते. यकृताचा त्रास झालेला असेल, रोजची दारू असेल किंवा उपचार लांबणार असेल तर डॉक्टर रक्त तपासून घेतात, आणि तुम्हीही तशी विचारणा करू शकता. डोळे पिवळे होणे, गडद लघवी, सततची मळमळ दिसली तर गोळी थांबवून लगेच दाखवा. इट्राकोनॅझोल हृदय कमकुवत असलेल्यांना देत नाहीत आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी तिचे जमत नाही, म्हणून चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना दाखवा. तिची कॅप्सूल भरपेट जेवणानंतर घ्यायची असते. सोबत अ‍ॅसिडिटीची गोळी घेतली तर ती नीट शोषली जात नाही, आणि मग "औषध लागू पडत नाही" अशी तक्रार सुरू होते. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर ते आधी सांगा. नायटा वरचेवर होत असेल तर रक्तातली साखर तपासून घ्या.

"रक्त अशुद्ध आहे, आतून साफ करायला हवे" हा आपल्याकडचा जुना समज. बुरशी रक्तात नसतेच, कातडीच्या मृत थरात असते. त्यामुळे रक्तशुद्धीच्या काढ्याचा तिच्याशी संबंध येत नाही, आणि वांगे-डाळ सोडून चट्टा आटत नाही. लिंबू, लसूण, चुना, रॉकेल लावल्याने कातडी भाजते आणि नायट्यावर इसब चढतो. आयुर्वेदिक उपचार घ्यायचे असतील तर नोंदणीकृत वैद्याकडे जाऊन घ्या. पुडीवर घटक लिहिलेले नसतील तर ती घेऊ नका.

घरात काय बदलायचे

औषधाइतकीच ही बाजू निर्णायक आहे, आणि कळंबोलीच्या पावसाळ्यात तीच सर्वांत अवघड. रुग्णाचे टॉवेल, अंतर्वस्त्रे, चादरी वेगळ्या धुवायच्या, शक्य तर कढत पाण्यात, आणि उलटे करून उन्हात वाळवायच्या. ऊन नसेल त्या दिवसांत कपडे वाळल्यावर इस्त्री फिरवा, विशेषतः शिवणींवर आणि इलॅस्टिकवर. घट्ट जीन्स, लेगिंग, सिंथेटिक अंतर्वस्त्रे उपचार संपेपर्यंत बाजूला ठेवा. कमरेचा करदोटा, मनगटावरचे जाड धागे, गंडा हे आठ-आठ महिने ओले-सुके होत राहतात आणि बुरशीला तिथे आसरा मिळतो. श्रद्धेपोटी धागा काढवत नसेल तर निदान नवा बांधा. परकराची नाडी जिथे रुतते तिथली आणि स्तनांखालची कातडी बायकांनी आंघोळीनंतर कोरडी करायला हवी. डेटॉल किंवा कडक जंतुनाशक साबण घासून काही मिळत नाही, कातडी मात्र सोलवटते.

घरात आणखी कोणाला चट्टा असेल तर उपचार एकाच वेळी सुरू करा. पुरुष जांघेतला नायटा लाजेपोटी लपवतात, आणि बायको-मुलांचा उपचार त्यामुळे पुनःपुन्हा फुकट जातो. हे स्पष्ट बोलायला हवे.

मग डॉक्टर स्टेरॉइड देतातच कशाला?

हा आक्षेप रास्त आहे. स्टेरॉइड मलम हे त्वचारोगातले अत्यंत उपयोगी औषध आहे. इसब, संपर्काने होणारा दाह, सोरायसिस, चाई, कोडाचे काही प्रकार यांत ते योग्य ताकदीचे, योग्य जागी, मोजक्या दिवसांसाठी दिले तर त्याला तोड नाही. आई-वडील भीतीपोटी मुलाच्या इसबावर ते लावतच नाहीत आणि मूल रात्रभर खाजवत राहते, हेही तितकेच चूक आहे. माप सोपे आहे: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकाच्या पेरावर ट्यूबमधून एक रेघ काढली की सुमारे अर्धा ग्रॅम होते, आणि दोन तळव्यांएवढ्या जागेला तेवढे पुरते. गडबड होते ती निदानाशिवाय, मुदतीशिवाय वापरले जाते तेव्हा.

आणि चेहऱ्यावर तर फारच. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री भारतीय पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले 2926 रुग्ण तपासले गेले. त्यांतले 433 जण स्टेरॉइड मलम लावत होते, आणि त्यांच्यापैकी सुमारे 59 टक्के लोकांना ते डॉक्टर नसलेल्या कोणीतरी सुचवले होते. जवळपास 29 टक्के ते गोरेपणासाठी, रोजचे क्रीम म्हणून किंवा दाढीनंतर लावत होते. परिणाम ठरलेले: चेहरा लाल, उन्हात जळजळ, मुरुमे, नको तिथे लव, आणि ट्यूब सोडली की आग. वांगासाठी दिले जाणारे तिहेरी मिश्रण हेही असेच स्टेरॉइड असलेले औषध आहे. ते काही आठवड्यांसाठी असते, वर्षभर लावायचे नाही. लेबल नसलेली, पार्लरमधून डबीत मिळणारी गोरेपणाची क्रीम तर घेऊच नका. अशा क्रीममधल्या पाऱ्यामुळे मूत्रपिंडे बिघडल्याची प्रकरणे अलीकडे अकोल्यात आणि आपल्या नवी मुंबईतही उघडकीला आली आहेत.

कामाच्या जागी होणारा त्वचेचा त्रास

तळोज्यात किंवा लोखंड बाजारात काम करताना हात, मनगट, चेहरा यांवर पुरळ येत असेल, तर कोणत्या दिवशी, कोणत्या पदार्थाशी संबंध आल्यावर वाढतो याची वहीत नोंद ठेवा. त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर संशयित पदार्थांच्या पट्ट्या 48 तास लावून पॅच टेस्ट करतात आणि नेमका पदार्थ शोधतात. कामामुळे झालेले त्वचाविकार कायद्यातल्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आहेत. ईएसआयचे कार्ड असेल तर उपचाराचा खर्च तुमच्यावर येऊ नये. निदानाचा कागद लेखी घ्या. तोंडी सांगण्यावर ना हातमोजे मिळतात, ना भरपाई.

फी परवडत नाही, म्हणून ट्यूब?

हे कारण खरे आहे, त्याला उपदेशाने उत्तर देता येत नाही. पण हिशेब मांडून पाहा. वर्षभर दर महिन्याला एक-दोन ट्यूब, मग घरातल्या आणखी दोघांच्या ट्यूब, आणि शेवटी तज्ज्ञाची फी व लांबलेला गोळ्यांचा उपचार हे सगळे एकदा वेळेवर दाखवण्यापेक्षा महागच पडते. शिवाय पर्याय आहेत. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार निःशुल्क आहेत, आणि पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय त्यातच येते. तिथून गरज पडल्यास त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवण्याची चिठ्ठी मागा. कळंबोली आणि कामोठे येथे एमजीएमची रुग्णालये आहेत, कामोठ्यात वैद्यकीय महाविद्यालय आहे. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव असेल तर जनऔषधी केंद्रात तीच औषधे बरीच स्वस्त मिळू शकतात.

भेटीला जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्या सुद्धा, पिशवीत घालून न्या. आणि निघण्याआधी चार प्रश्न विचारा: आजाराचे नाव काय? यात स्टेरॉइड आहे का? किती दिवस लावायचे, आणि बरे वाटले तरी का? घरातल्या कोणाला दाखवायला हवे का? उत्तर द्यायला ज्यांना वेळ नाही, त्यांच्याकडे दुसऱ्यांदा जाण्याची सक्ती तुमच्यावर नाही. "एमडी त्वचारोग", "डीडीव्हीएल", "डीव्हीडी" यांसारखी पदवी आणि नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर असतो, तो पाहण्यात संकोच नको.

दुकानातही तुमचे हक्क आहेत. 2018 मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा औषधांच्या यादीत, म्हणजे शेड्यूल एचमध्ये घातली. त्याच वर्षी 328 मिश्र औषधांवर बंदी आली. तरीही काउंटरवर "दाद का ट्यूब" म्हटले की जे हातात येते, ते सर्वांना ठाऊक आहे. याचा दोष गिऱ्हाईकावर ढकलणे योग्य नाही. कायदा विक्रेत्यासाठी आहे, आणि त्याची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासनाने करायची आहे. प्रत्येक औषधाचे बिल मागा. त्यावर बॅच क्रमांक आणि मुदत असायला हवी. चिठ्ठी न मागता स्टेरॉइड दिले गेले असेल तर तेच बिल तक्रारीचा पुरावा ठरते. रायगड जिल्ह्यासाठी या प्रशासनाचे कार्यालय पेणला आहे.

आज घरात अशी ट्यूब चालू असेल तर

अंगावरच्या नायट्यावर लावत असाल तर आजपासून बंद करा आणि या आठवड्यात दाखवा. चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावली असेल तर मनाने एकदम तोडू नका. चेहरा फुलून लाल होऊ शकतो, म्हणून ती कशी उतरवायची हे तज्ज्ञाला विचारून ठरवा. नवे औषध सुरू झाल्यावर अंगभर लाल पुरळ, ताप, तोंडात किंवा डोळ्यांत फोड आले, ओठ सुजले किंवा श्वास अडकला तर ओपीडीची वाट न पाहता रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. एवढे नसेल, तर एक गोष्ट आधीच मनाशी ठरवून ठेवा: स्टेरॉइड बंद केल्यावर पहिले काही दिवस खाज आणि लाली वाढलेली दिसेल. त्या दिवसांसाठी डॉक्टर खाजेची साधी गोळी देऊ शकतात. ती मागून घ्या, पण त्या दिवसांत मेडिकलमधून तीच ट्यूब पुन्हा आणू नका.